चौथा थांबा

पहिला थांबा माझ्या बाभळीपाशी, एलिफास.
तिथवर गरीसेबची गाढवगाडी जाते,
म्हणजे दम लागलाच तर गाढवाला लागेल.
दुसरा, पाणी साठतं त्या खळग्याच्या कडेला.
जूनमध्ये तो कोरडाच, तरी थांबायचं,
बसायला खडक गुळगुळीत आहे तिथला.
तिसरा मी ठरवलेला नाही.
तो तुझ्या छातीनं ठरवावा.

सूर्य वर येतो सव्वासातनंतर,
पण कमान त्याच्या आधीच पेटायला लागते, असं म्हणतात.
म्हणून निघायचं पाचला.
तू म्हणतोस, सहाला निघू, पर्यटक वीस मिनिटांत चढतात.
पर्यटकांनी एकतीस वर्षं
युरेनियमची धूळ खाल्लेली नसते,
हे मी बोलले नाही.
फ्लास्क विसळत राहिले.

फ्लास्क घेतलाय. काळा चहा, साखर हवी तेवढी,
उसाकोसचा डॉक्टर काही तिथवर चढणार नाही.
तळलेल्या पावाचे गोळे, कालचे.
विजेरीचे सेल रेडिओतून काढलेत,
तेव्हा आज रात्री बातम्या नाहीत.
फवारा, आणि दुसरा फवारा.
तुझा खाणीतला कोट घाल, पाठीवर चकाकती पट्टी आहे तो.
अंधारात तू पुढे निघून गेलास तर दिसायला हवास.
जाणार नाहीस, मला ठाऊक आहे.
तरी घाल.

शेळ्यांचं ऑगुस्टेला सांगितलं.
तिनं विचारलं, इतक्या पहाटे दोन म्हातारी निघालीत कुठं?
म्हटलं, दगड बघायला.
ती जी हसायला लागली,
हातातलं दूध सांडलं तिच्या.

हसेल नाहीतर काय करेल.
चाळीस वर्षं मी ह्या डोंगराच्या पायाशी टेबल मांडून बसते,
स्फटिक, तुरमाळी, वर्तमानपत्रात गुंडाळून देते,
आणि प्रत्येकाला हात लांब करून रस्ता सांगते:
मोठ्या धोंड्याला डावी घाला,
उजाडायच्या आत पोचा,
कमान आतून लाल होते,
राख फुंकल्यावर निखारा होतो तशी.
किती जणांना सांगितलं असेल.
राखेचं ते मी घरच्या चुलीवरून घेतलंय.
त्या वेळेला माझ्या हातात शेळीचं आचळ असायचं,
आणि तू रात्रपाळीच्या बसमध्ये,
काचेला कपाळ टेकून,
तोंड उघडं टाकून झोपलेला.
डोंगर रोज तुझ्या उजव्या खिडकीत यायचा
आणि निघून जायचा.

कोण्या जोडप्यानं एकदा फोटो पाठवला होता.
चुलीवरच्या भिंतीला लावला, तो धुरानं काळवंडला.
आता त्यात कमान आहे की
दोन माणसं वाकून काही शोधतायत,
सांगता येत नाही.

आणखी एक. वर पोचलो की
मी तुला एकदा हाक मारणार आहे,
आईनं ठेवलेल्या नावानं,
जिभेच्या टिचकीनं सुरू होतं त्या.
खाणीच्या कारकुनाला ते जमलं नाही,
त्यानं तुझा एलिफास केला,
आणि मग आम्हीसुद्धा.
दगडाखाली आवाज घुमतो म्हणे.
लाजू नकोस.

समुद्रावरून धुकं आलं तर काय, ते राहिलं.
गेल्या मंगळवारी आलं होतं, दुपारपर्यंत हललं नाही,
गिऱ्हाईक टेबलाला धडकलं.
तू म्हणालास, मग धुक्यात चहा पिऊ.
मी म्हटलं, तो घरीही पिता येतो.
तू काही बोलला नाहीस.
बुटाच्या नाड्या तपासत राहिलास.

घड्याळ मी साडेचारला लावलं.

अडीचला बाकाची कुरकुर ऐकून उठले.
तू दाराशी बसलेला,
कोट अंगात, डबा मांडीवर, बूट घट्ट बांधलेले,
कोपऱ्यावर बस वळायची आहे तसा.
अरे झोप, म्हटलं, अजून पुष्कळ वेळ आहे.
तू श्वास गोळा केलास. दोनदा करावा लागला.
मग विचारलंस,
ओटिली, थांबे चार म्हणाली होतीस.
चौथा कुठं ते सांगितलंच नाहीस.