टाच

जुई तांडेलची डावी टाच
तीन वर्षं माझ्या उजव्या तळहातात राहतेय.
भाड्याने नव्हे, हक्काने.
बुटाच्या तळाला कुठे चिकटपट्टी मारली आहे,
कुठे रबर झिजून नुसतं कापड लागतं,
हे तिच्या आईला ठाऊक नाही. मला आहे.

मी बेस. खालची.
फोटोत माझं अर्धं कपाळ येतं,
कधी नुसते हात.
कुर्ता खांद्यात अडकला की दुकानदार म्हणतो,
ताई, जेंट्समध्ये बघू का?

भांडुपला, शाळेच्या हॉलमध्ये, सहा ते साडेआठ.
आधी बाकं सरकवायची, मग मॅट जोडायच्या,
ज्यांच्या फटीत दर बुधवारी
कुणाचा तरी अंगठा जातो.
पंखा बंद केल्याशिवाय जुई वर जात नाही.
भोईर मॅडम मराठीत मोजतात,
शेजारच्या गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून,
पाच, सहा, सात,
आणि आठला पिठाचा वास येतो.

गोरेगावला पंखाच नाही. एसी.
जमिनीखाली स्प्रिंग; नुसतं चाललं तरी
मागून कुणी हलकेच ढकलतंय असं वाटतं.
फोमचा खड्डा आहे. त्यात पडायची भीती नाही
म्हणून मी दोनदा मुद्दाम पडले.
ट्रायलला एक मुलगी दिली उचलायला.
नाव विचारेपर्यंत ती वर होती.
कोरा पांढरा बूट, हलकं अंग,
फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट.
उतरल्यावर म्हणाली, थँक्स.
जुई तीन वर्षांत एकदाही म्हणालेली नाही.

तिथले सर म्हणाले, असे हात मिळत नाहीत.
हे वाक्य मी लिंक रोडच्या बसमध्ये
आवळ्यासारखं गालात धरून घरी आणलं.

फी महिन्याला साडेसहा हजार.
आई लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधते.
म्हणाली, पैशाचं मी बघते, तू मनाचं बघ.
मनाचेच तर सुट्टे नाहीत माझ्याकडे.
भाऊ म्हणाला, एवढं काय, क्लासच तर बदलायचाय.

भोईर मॅडमना कुठून कळलं कोण जाणे.
बोलल्या काहीच नाहीत.
गुरुवारी फक्त सकीनाला माझ्यामागे उभं केलं,
तिचे हात माझ्या हातांवर ठेवले:
हिला दाखव, टाच कुठे बसते ते.
दाखवलं.
अंगठा इथे. बोटं अशी नाही, अशी.
कोपर घट्ट. डोळे वर, मिटायचे नाहीत.
ती डळमळली तर आपण डळमळायचं नाही,
आपण तिच्या खाली सरकायचं.
सकीना चौदा वर्षांची, तळवे घामेजलेले.
दुसऱ्याच खेपेला जमलं तिला.
मला थोडा रागच आला.

हॉलला कुलूप लावून आम्ही शेवपुरी खाल्ली.
जुईने काही विचारलं नाही.
मग एकदम म्हणाली,
जायचं तर जा.
पण मी खाली असताना सांग.
वर असताना कळायला नको.
आणि माझ्या बशीतली कैरी उचलून तोंडात टाकली.

आज शनिवार. पंखा बंद.
फॉर्म बॅगेत आहे,
आईची सही झालीय, माझी जागा रिकामी.
सकीना दोन पावलं मागे उभी राहून
माझ्या कोपरांकडे बघतेय.

पाच, सहा,
टाच आली.
पट्टी नवीन आहे. निळी असावी,
कडा अजून बोचते.
सात.
हे तिने मला सांगितलं नव्हतं.
आठ.