जोडसाचा

काजूच्या बिया, गेल्या चैतातल्या,
पत्र्याच्या डब्यात. डबा हलवला की वर्ग गप्प होतो.
अकरा पोरं, पहिली-दुसरी-तिसरी, एकाच सतरंजीवर.
बाहेर खानापूरची लाल माती
आणि वीटभट्टीचा धूर, वारा पडला की
थेट फळ्यापर्यंत येणारा.

दुप्पट, मी म्हटलं.
एक बी ठेवली, शेजारी एक.
दोन ठेवल्या, शेजारी दोन. मष्णू घाडी ओरडला, "चार!"
मी शाबास म्हणून बसले.
चूक माझीच. दोनाच्या घरात
बरोबर आणि चूक एकाच दारानं बाहेर पडतात.

तीन ठेवल्या.
मष्णूनं वर दोन टाकल्या. पाच.
चारावर दोन, सहा.
"दुप्पट म्हंजे दोन टाकायच्या न्हवं, बाई?"
मी तळहात जुळवून दाखवले. मग आरसा धरला,
बियांसमोर तितक्याच बिया.
तो आरशामागं हात घालून आला.
"पाठीमागं काय न्हाई."

नीलव्वा सतरंजीच्या काठावर.
सौंदत्तीकडची, आईबाप भट्टीवर,
हजेरीत नाव पेन्सिलीनं,
पावसाआधी ती जाणार म्हणून.
तिला मराठी येत नाही, मष्णूला कानडी नाही,
मला दोन्ही, पण भांडण सोडवण्यापुरतं.

ती उठून गेली.
मी हाक मारायच्या आत परत, ओंजळभर चिखल घेऊन.
माझ्या टेबलावरच्या दोन रिकाम्या काडेपेट्या
तिनं शेजारीशेजारी धरल्या,
चिखल दाबला, अंगठ्यानं काठ पुसला,
उचलल्या. एका थापेत दोन विटा.
आई थापते तशी. अशा तीन थापा.
डाव्या रांगेवरून बोट फिरवलं, "मूरु."
उजव्या रांगेकडं दाखवलं,
"मत्त अष्ट."

पुन्हा तेवढंच.
अठरा वर्षं शिकवते मी,
एवढी लहान व्याख्या कुणी दिली नव्हती.

मष्णू वाकून मोजतो, सहा.
चार थापा. "मत्त अष्ट."
"बाई, आठ झाल्या! ती अष्टच म्हणूलालीय की!"
आजीच्या उपासामुळं अष्टमी त्याला ठाऊक.
मघाची अद्दल ताजी होती,
मी शाबास गिळलं.
पाच थापा. "मत्त अष्ट."
तो मोजतो. दहा.
तोंड उतरतं. उजवीकडून मोजतो. दहाच.
नीलव्वाकडं बघतो, विटांकडं बघतो,
नाकावर चिखल तसाच.
"अष्ट म्हंजे आठ न्हवं," स्वतःलाच सांगतो,
"जेवढं हाय तेवढं."

दुपारी शांतव्वानं भात वाढला, एक डाव.
मष्णूनं ताट मागं घेतलं नाही.
"मत्त अष्ट," म्हणाला.
डाव हवेत थांबला, मग पातेल्यात गेला.
त्याच्यामागं सगळी रांग तेच म्हणू लागली,
आणि शेवटच्या दोघांना सांबार पातळ मिळालं.

शाळा सुटल्यावर खिडकीतल्या विटा मोजल्या.
बारा थापा होत्या. विटा तेवीस.
दुप्पट कधी विषम येत नाही.
कुणाचेही खिसे मी तपासले नाहीत.