उलटं पायडल

सुकलाल सपकाळे दुकानात आले
तेव्हा मी एका रिमचा आऊट काढत होतो.
घड्या घालून घालून मऊ झालेला कागद
त्यांनी पंक्चरच्या घमेल्याशेजारी पसरला.
"हे पाय. पायडलची होडी.
पायडल म्हणजे तुझं खातं."

होडीतलं मला काही कळत नाही.
मासा मी खात नाही, पोहता येत नाही,
हतनूरचं पाणी एसटीच्या खिडकीतून पाहिलं तेवढंच.
पण ह्या माणसाचे गुडघे मला पाठ आहेत.
चौतीस वर्षं वरणगाव फॅक्टरीची पहिली पाळी,
डाव्या पायडलची पिन नेहमी आधी झिजायची.
गुडघे अजून शाबूत.
खांदा गेला, उजवा.
टोपी काढायलाही आता डावा हात वर जातो,
वल्हं कुठून मारणार.

आणि वल्हं मारणारा धुडकू भोई
पोळ्याच्या आदल्या रात्री गेला.
सत्तावीस वर्षं एका डोंग्यात, पाठीला पाठ.
"आन् बोललो असन आम्ही
मोजून एका दुपारइतकं,"
ते म्हणाले, आणि कागद पुन्हा सरळ केला.

मग आम्ही आधी माणसाचं माप काढलं.
लाकडी पाटावर बसवलं, पाय लांब,
कमरेपासून टाचेपर्यंत ब्रेकची वायर लावली.
उठा म्हटलं. उठता येईना.
पाटावर दोन टायर ठेवले.
उठले, पण माझी बाही धरून.
तिसऱ्या टायरवरून आपले आपण उठले
आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाकडं असं बघितलं
जसं काही झालंच नाही.
कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: बैठक, तीन टायर उंच.
सगळ्यात स्वस्त होती ती तिथंच बाद झाली.

दुसरीला खाली माशाच्या परासारख्या दोन पात्या.
उथळात पोटाला चिकटतात, शेवाळातून सुटतात.
हलकी. एकट्याला ओढता येईल.
मला तीच पटत होती.

तिसरीला गोल फिरणारा पंखा.
जलपर्णी ओढून घेणार, मी म्हटलं,
दर फेरीला कात्री घेऊन बसाल.
वजन बघा, सिमेंटची भरलेली गोणी.
"तिले उलटं मारलं तं?"
मागं जाते.
"मागं?"
सायकलीत उलटं पायडल म्हणजे नुसती करकर,
जागचं काही हलत नाही.
ही खरंच मागं जाते, असं लिहिलंय.

सुकलाल रस्त्याकडं बघत राहिले.
केळीचा ट्रक गेला. धूळ उठली, बसली.
"मरळ लागली का गवतात घुसते.
मी ताणून धरायचो
आन् धुडकू डोंगा मागं घ्यायचा.
न सांगता."

त्यानंतर मी वजनाचं बोललो नाही.
तेच बोलले, पैसे मोजताना:
"दोघं लागतीन उचलाले.
तुझं दुकान मंगळवारी बंद असते ना?"

होडी आली ती गवतासारखी हिरवी, पोटाला पिवळी.
भुसावळच्या उन्हात प्लास्टिक नरम पडतं
म्हणून ठेवली निंबाखाली, उलटी, दोन ओंडक्यांवर.
मी तिच्यासाठी गाडा बनवला,
सव्वीस इंची दोन चाकं, एक लहान मुलाच्या सायकलीचं हँडल.

पहिल्या मंगळवारी मी चिखलात उभा,
हातात चपला, मनात नाही नाही ते.
ते गेले.
चेन नसली की पायडल ऐकूच येत नाही,
माणूस खुर्चीसकट निघून जातो.
बाभळीच्या बुडालेल्या शेंड्यांपाशी थांबले,
गळ टाकला नाही.
नुसते बसले.
मग उलटं पायडल मारत परत आले,
पाठमोरे, सरळ माझ्याकडं.
कुणाची पाठ जवळ येताना
मी त्याआधी पाहिली नव्हती.

काठाला लागले. हात दिला तो घेतला नाही.
उभे राहिले, तीन टायर उंचावरून,
आणि ओले पाय झटकत म्हणाले,
"डावं जरा जड चालते.
बघून दे."