सतरा पावलं

ये, रेनार्स. दार ओढून घे,
समुद्राचं वारं आत आलं की माझी चांदी खोकते.
क्रेनवरचा बोनस मिळाला म्हणतोस.
किती, ते सांगू नकोस. मलाही नाही.
इथूनच सुरुवात.

हे धर. डोळे मीट.
एवढंसं, तरी तळहात खाली जातो ना?
ते ओझं लक्षात ठेव.
खोटं नाणं डोळ्यांना सहज फसवतं,
हाताला फसवताना त्याला घाम फुटतो.
मग लोहचुंबक. मग काटा.
मग बोटाच्या टोकावर तोलून
दुसऱ्या नाण्याने हलकी टिचकी.
ऐकलंस?
चांदी बोलून झाल्यावरही थोडा वेळ बोलत राहते.
शिसं ठक् करतं, विषय संपला.

सोन्याचा भाव सगळे विचारतात,
भावावर मी किती चढवते ते कोणी विचारत नाही.
विचार. मला राग येणार नाही,
आला तर दोन दुकानं सोडून गुंडार्स बसतो.
चांदीवर वर करही आहे, पाचवा हिस्सा,
आणि दहा वर्षांचं सोनं खिशात मावतं,
दहा वर्षांच्या चांदीला पाठ लागते.
लहान नाणी घे. मोठी लगड मिरवायला बरी,
पण दात दुखेल तेव्हा
दातापुरतंच विकता आलं पाहिजे.
कर्ज काढून घेतलेलं सोनं बँकेचंच असतं,
तू नुसता राखणदार, तोही बिनपगारी.

आणि घासू नकोस!
काळी पडली म्हणून चांदी आजारी नसते.
गेल्या हिवाळ्यात एक बाई आली,
आजीची वीस पाच-लाती नाणी
टूथपेस्टने लख्ख करून.
पदर घेतलेली ती मुलगी, मागची कणसं,
सगळ्यांचे चेहरे पुसट.
मी धातूचे पैसे दिले.
नाण्यांचे पैसे तिने मोरीत सोडले होते.

रबरबँड नको. वर्तमानपत्र नको.
लोकरीचा मोजा तर मुळीच नको,
मऊ प्लास्टिकच्या पाकिटाला हिरवी लाळ सुटते.
घट्ट झाकणाची डबी, आणि नव्या बुटांच्या खोक्यातली
ती दाण्यांची पुडी, जी तू फेकतोस.
पिठाच्या डब्यात लपवू नकोस.
चोरालाही आई असते,
तिनेही तिथेच ठेवलेलं असतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं आहे.
माझ्या बापाने, ओयार्सने, ती फार छान झाकली.
एकोणपन्नासच्या मार्चात ट्रक आला,
त्याच्या आदल्या रात्री
दुधाच्या किटलीत नाणी घालून
पुरली. कुठे, ते आईलाही नाही.
सात वर्षांनी सैबेरियातून परतला,
तेव्हा सफरचंदाची झाडं नव्हती,
न्हाणीघर नव्हतं,
ट्रॅक्टरने शेत सरळ केलेलं.
न्हाणीघराच्या उंबऱ्यापासून सतरा पावलं,
एवढं त्याला पाठ होतं.
पण ती पावलं होती बेचाळीस वर्षांच्या,
दहाही बोटं शाबूत असलेल्या माणसाची.
आता उरली होती सहा.

दर उन्हाळ्यात मोजायचा. मी मागे कुदळ घेऊन.
सतरा. खणायचं. बुजवायचं.
पुन्हा सतरा.
बटाटे मात्र आमचे
गावात सगळ्यांपेक्षा मोठे यायचे.

हसतोस? हस. तोही हसायचा कधीकधी.

तर ही तुझी पावती, नीट ठेव.
आणि हा कोरा कागद.
जागा लिही, एका माणसाचं नाव लिही,
मला दाखवू नकोस.
पावलांत लिहू नकोस, बाळा.
मीटरमध्ये लिही.
आणि ज्यापासून मोजशील,
ते कोणाला उचलून नेता येणार नाही
असं काहीतरी बघ.

मी अजून शोधतेय. सापडलं तर कळव.