लेव्हल एकोणतीस

पहाटे सव्वापाचच्या फेरीत
दोन स्कूटरींच्या मधल्या फटीत मी उभी राहते,
पाठीला रेलिंग, बुटांत रात्रभर उभे असलेले पाय,
आणि फोन उघडते.
एक होडी आहे माझी.
चार महिन्यांपूर्वी तिला एक वल्हं होतं
आणि जाळं, तेही फाटकं.
सात बांगडे म्हणजे जाळ्याला एक गाठ.
सत्तर म्हणजे नवं जाळं.
असं करत करत आता इंजिन आहे,
बर्फाची पेटी आहे, ताडपत्रीचं छप्पर,
आणि कालपासून दिवा.

दिव्याला बाराशे बांगडे गेले.
दिव्याने मासळी वाढत नाही, ठाऊक आहे मला.
तो नुसता दिसतो.

मागे पणजीच्या बाजूला
कॅसिनोचं जहाज अजून झगमगतंय.
तिथे मी पत्ते वाटते.
टेबल सोडताना दोन्ही तळहात उलटसुलट दाखवायचे,
कुणी जिंकलं तर बेतानं हसायचं,
कुणी हरलं तर चेहरा पाण्यासारखा ठेवायचा.
काल बेळगावच्या एका माणसाने
अंगठी काढून हिरव्या कापडावर ठेवली.
अंगठी चालत नाही, सर.
एकच हात, तो म्हणाला, शेवटचा.
सहा वर्षं झाली,
शेवटचा हात मी अजून पाहिलेला नाही.

होडीत असं काही होत नाही.
वादळ नाही, चोर नाही, समोर बसलेला कुणी नाही.
काल जे होतं ते आज असतं,
वर थोडं.
आणि पुढच्या इंजिनाला तीनशे चाळीस कमी,
असं स्वच्छ लिहिलेलं असतं.
मला किती उरलंय ते
इतक्या सरळपणे कुणी सांगितलं नव्हतं.
ऑफिसातल्या बाई म्हणतात,
तुझ्या ग्रेडचं पुढच्या सीझनला बघू, दर्शिनी.
सीझन येतात. बाई बघतात.

केरोबिन फेरीचा दोर सांभाळतो.
त्याची बेकरी आहे, भट्टी लेव्हल अठरा.
त्याचा बापूय खराच पोदेर होता,
ह्याने त्या भट्टीत कधी एक लाकूड सारलं नाही,
रबराचा भोंपू ऐकला तरी लपायचा म्हणे.
आता नदीच्या मध्यावर काम नसतं तेव्हा
अंगठ्याने उंडे भाजतो,
आणि वास नसलेल्या पावाकडे बघून
"फुगले गो," म्हणतो.
आम्ही शेजारी शेजारी उभे राहून
आपापलं एकट्याचं खेळतो.
कोण पुढे, हे विचारायचं सुचत नाही.
पुढे म्हणजे कुणाच्या?

एक बटण आहे कोपऱ्यात: नव्याने सुरुवात.
दाबलं की सगळं जातं,
आणि पुढच्या जन्मी जाळं दुप्पट भरतं.
केरोबिनने तीनदा दाबलंय.
"दाब गो, मागीर सोपं पडतं."
मी बोट नेते तिथपर्यंत
आणि मग दिवा बघते.

खरं सांगायचं तर मला बांगड्यांहून
ती एक ओळ आवडते,
फोन उघडल्या उघडल्या येणारी:
तुम्ही नव्हता तेव्हा चारशे वीस जमले.
मी नव्हते.
मी हिरव्या कापडापाशी उभी होते,
दुसऱ्यांचे पैसे इकडून तिकडे सारत,
आणि कुठेतरी, छोट्या लाटांवर,
माझ्यासाठी काहीतरी जमत होतं.

चोडणचा धक्का जवळ येतो.
डाव्या हाताला, खारफुटीला लागून,
एक म्हातारा वल्ह्याच्या होडीतून जाळं ओढतोय.
बघता बघता माझ्या मनात हिशेब सुरू:
ह्याला पहिल्यांदा इंजिन घ्यायला हवं,
पेटी नंतर.
तो जाळं झटकतो, आत जे आहे ते बघतो,
पुन्हा पाण्यात सोडतो जाळं.
त्याच्याही होडीच्या नाळेवर
एक कंदील टांगलेला आहे,
उजाडलं तरी विझवलेला नाही.

फळी आदळते. स्कूटरी सुरू होतात.
केरोबिन दोर फेकतो, न बघता,
बरोबर खुंट्यात.