सात काडतुसं

लामरीला सात काडतुसं मिळाली.
बंदूक त्याच्याहून थोरली,
कुणाच्या तरी जुन्या युद्धातून सुटलेली,
लिबियाच्या वाळूतून उंटावर आलेली
आणि दोन वर्षं आमच्या जर्दाळूखाली
चरबीत गुंडाळून पुरलेली.
मी तिथेच बसून लोकर विंचरायचे.
मला वाटायचं, यंदा मुळं वर आलीत.

रात्री आईने विचारलं, कुठे?
म्हणाला, बकरी हरवलीय.
आमच्या साऱ्या बकऱ्या खुंट्याला होत्या.
आईने रव्याची अर्धी भाकरी जास्त बांधली
आणि कंदिलाची वात खाली केली.

चौकीवर अकरा जण गेले.
(पुढे गावात सांगणारे चाळीस झाले.)
झरफा आत्याचा नवरा तिथल्या घोड्यांना चारा टाकायचा,
त्यामुळे कुत्र्याचं नाव ठाऊक होतं.
हाक मारली तशी ते शेपूट हलवत आलं.
त्यानंतरची लढाई
भाकरीची एक बाजू भाजेपर्यंतची.
पहिलं काडतूस फुसकं.
दुसरंही.
तिसरं उडालं, खिडकीची काच गेली,
आतून कुणीतरी फ्रेंचमध्ये आईला हाक मारली.
लामरीला फ्रेंच येत नाही,
पण तो शब्द कळला.
चौथं भरताना हातातून गवतात पडलं.

पहाटे मी त्याची बोटं राखेने चोळली.
चरबीचा वास गेला नाही.
आईने विचारलं, बकरी सापडली?
नाही, म्हणाला,
आता ती आपल्याला शोधत येईल.

नवव्या दिवशी विमान आलं.
आभाळातून कागद पडले, पोरं धावली.
मास्तरांनी वाचून दाखवलं:
इथे युद्ध नाही. काही घटना घडल्या आहेत.
शांत लोकांनी तीन दिवसांत
डोंगर उतरून खाली यावं.
'घटना'पाशी मास्तर अडले,
आमच्या बोलीत तो शब्दच नाही.
घडून गेलं ते, असं काहीतरी म्हणाले.
घडून गेलं, तर विमान कशाला? आईने विचारलं.
मास्तरांनी कागदाची घडी घातली,
पुन्हा उलगडली.

खाली कोणीच गेलं नाही असं नाही.
झरफा आत्या गेली, कोंबड्या घेऊन.
आईने जर्दाळूखालच्या रिकाम्या खड्ड्यात
आपले चांदीचे तोडे ठेवले,
वर माती लोटली, पायाने दाबली.

उरलेली तीन
मी लोकरीच्या गोळ्यात घातली
आणि विंचरायला बसले.
दात कुठे अडकतात
ते बोटांना आधीच कळत होतं.