तांबूस

पोळ्याला काळीभोर होती वगार.
आता केस तांबूस पडलेत,
डोळ्यांभोवती चष्म्यासारखी फिकट कडी,
आणि दिवसभर भिंत चाटते.

ठमके मॅडम आल्या आर्वीहून, स्कुटीवर.
पापणी ओढून पाहिली, म्हणाल्या,
हिच्या अंगात तांबं कमी पडलंय.

मी हसलोच.
मागच्या अंगणात चार्जरची तीन पोती,
फुटके सेटटॉप बॉक्स, मोबाइलच्या हिरव्या पाट्या.
रात्री वायरी जाळतो, हिरवी ज्योत निघते;
सकाळी राखेतून वेचतो, किलोनं विकतो.
म्हटलं, मॅडम, माह्या घरी तांबं कमी?

त्या हसल्या नाहीत.
राखेकडे पाहिलं, मग खुंट्याकडे.
दावं किती लांब, एवढंच विचारलं.

संध्याकाळी मोजलं. सात हात.
राख आठव्या हातावर.
तिथली माती गुळगुळीत होती,
जिभेनं सारवल्यासारखी.

खुंटा उपटून गोठ्यापलीकडे ठोकला.
मॅडमनं दिलेली भुकटी सरकीच्या ढेपेत कालवायची,
रोज एवढीशी.
पुडी सहज भंगाराच्या काट्यावर ठेवून पाहिली.
काटा हललाच नाही.

वगार वास घेत उभी.
आज वायरी जाळल्या नाहीत.
उद्या पुलगावचा गिऱ्हाईक येणार आहे.